डॉक्टरांचा बैल

आम्ही सगळे त्यांना डॉक्टर म्हणायचो. ते डॉक्टर नव्हते. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात ते पर्यवेक्षक होते. म्हणजे गुरांना सुया टोचायच्या, गाय गाभण आहे का बघायचं, अडलेलं वासरू ओढून काढायचं. पण खेड्यात सुई ज्याच्या हातात त्याला डॉक्टरच म्हणतात. त्यामुळे छत्तीस वर्षं नोकरी करून ते डॉक्टर म्हणून निवृत्त झाले आणि केडगावात मुलानं घेतलेल्या रो-हाऊसमध्ये डॉक्टर म्हणूनच राहिले. गेटवरची पाटी बघून अधूनमधून कुणी ताप आलेलं लेकरू घेऊन यायचं. डॉक्टर कुणाला तसंच परत पाठवत नसत. लेकराची जीभ बघायचे, कानाच्या मुळाशी बोटं लावायचे आणि आईला सांगायचे, "दोन दिवस वला चारा बंद. अन् मोठ्या दवाखान्यात न्या." आई मान हलवून निघून जायची. ओला चारा म्हणजे काय, हे एकीनंही कधी विचारलं नाही.

ते जाऊन आता दीड वर्ष होईल. त्यांच्याकडे मी दोन वर्षं होते. मी जामखेडकडची. नर्सिंगचा कोर्स केला आणि नगरमधल्या एका ब्यूरोनं मला त्यांच्या घरी राहून करायच्या कामावर पाठवलं. डॉक्टरांचं वय ब्याऐंशी. शुगर, बीपी, उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, वॉकर धरून घरातल्या घरात चालायचे. बायको वारलेली. एकुलता एक मुलगा पुण्याला कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. माझ्याआधी चार जणी येऊन गेल्या होत्या. का गेल्या, असं मी ब्यूरोच्या मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "पेशंट शांत आहे गं. बोलतच नाही." मला ही चांगली गोष्ट वाटली.

कोर्समध्ये आम्हाला पेशंटशी कसं बोलायचं यावर अख्खा धडा होता. समोर बसायचं, नजर मिळवायची, आवाज मऊ ठेवायचा. त्या धड्यात मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क होते. पहिल्या दिवशी सकाळी मी खुर्ची ओढून डॉक्टरांसमोर बसले, नजर मिळवली आणि विचारलं, "आजोबा, आज कसं वाटतंय?"

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "तूच सांग."

"मी कसं सांगणार?"

"मग तुला कशाला ठिवलीया?"

मला वाटलं म्हाताऱ्या माणसाची चेष्टा असेल. पण ते गंभीर होते. त्यांचं म्हणणं असं, की छत्तीस वर्षांत एकाही जनावरानं त्यांना आपल्याला काय होतंय ते सांगितलं नाही, तरी हजारो जनावरं बरी झाली. आणि माणसांच्या डॉक्टरांना माणसं सगळं तोंडानं सांगतात, तरी मरतात. सांगण्यामुळेच घोटाळा होतो. एकदा पेशंटनं सांगितलं की तपासणारा बघायचं सोडतो. आणखी एक ताकीद त्यांनी दिली. आजोबा म्हणायचं नाही. "आजोबा म्हनलं की मानूस मानसाकडं बगत न्हाई, वयाकडं बगतं." या मुद्द्यावर आमच्या धड्यात काहीच नव्हतं. त्या दिवसापासून मीही त्यांना डॉक्टर म्हणायला लागले.

मग माझी रोज सकाळी परीक्षा सुरू झाली. आंघोळीआधी ते व्हरांड्यात लोखंडी खुर्चीवर बसायचे. मी त्यांच्याकडे बघून त्यांना काय होतंय ते सांगायचं. झोप लागली की नाही, पोट साफ आहे का, पाय जड आहेत का, सगळं. एकही प्रश्न विचारायचा नाही. बरोबर आलं तर ते चहा प्यायचे. चुकलं तर डोळे मिटून म्हणायचे, "जा, पुन्ना ये." पुन्हा यायचं म्हणजे खरोखर गेटच्या बाहेर जायचं आणि आत यायचं, कारण गोठ्यात शिरतानाच निम्मं कळतं असं त्यांचं मत होतं. पहिल्या आठवड्यात मी एका सकाळी सहा वेळा गेटबाहेर जाऊन आत आले. समोरच्या घरातल्या काकूंना वाटलं माझं काहीतरी हरवलंय. त्या बिचाऱ्या बाहेर येऊन माझ्याबरोबर रस्त्यावर शोधायला लागल्या.

हळूहळू मला जमायला लागलं. ताप आहे का ते कपाळावर नाही, कानाच्या मुळाशी कळतं. अंगात पाणी कमी झालं की हातावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर तशीच उभी राहते. दुखणारं जनावर दुखऱ्या बाजूकडे मान वळवून बघतं. संडासचं भांडं मी त्यांच्यासमोर आणून दाखवायचं आणि दोघांनी मिळून त्यावर चर्चा करायची. ते त्याला शेणच म्हणायचे. "सगळा जबाब हितं लिव्हलेला असतो," असं ते म्हणायचे, आणि असं म्हणताना त्यांचा आवाज कीर्तनकारासारखा व्हायचा. जेवण झालं की बडीशेप आणि धणाडाळ तोंडात टाकून घड्याळ लावून अर्धा तास चघळत बसायचे. तो रवंथ. रवंथ चालू असताना घरात कुणी बोलायचं नाही. एकदा त्या अर्ध्या तासात गॅसवर दूध उतू गेलं. मी धावले, तर त्यांनी हात वर करून मला जागच्या जागी थांबवलं.

पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. चालता येत नाही म्हणून बँकेतला एक माणूस घरी आला. डॉक्टरांसमोर फोन धरून तो म्हणाला, "काका, डोळ्यांची उघडझाप करा, म्हणजे तुम्ही जिवंत आहात असं यात दिसेल." डॉक्टरांनी डोळे ताणून उघडे ठेवले आणि पापणी म्हणून हलवली नाही. तो माणूस पंधरा मिनिटं विनवत होता. शेवटी डॉक्टर म्हणाले, मी जिवंत आहे की नाही हे मीच सांगायचं असेल तर तुम्हाला बँकेनं कशाला पाठवलं, तपासा. त्यानं घाबरत घाबरत मनगट धरलं. धरलं ते चुकीच्या जागी. त्याला नाडी काही लागेना. तो माझ्याकडे बघायला लागला, त्याच्या कपाळाला घाम आला. डॉक्टरांनीच त्याचं बोट उचलून योग्य जागी ठेवलं आणि मग समाधानानं डोळे मिटले. डोळे मिटल्याबरोबर फोननं दाखला मंजूर केला.

हे सगळं मी सुटीत मैत्रिणींना सांगायचे तेव्हा त्या पोट धरून हसायच्या. पण रविवारी सकाळी दहा वाजता पुण्याहून मुलाचा व्हिडिओ कॉल यायचा तेव्हा मला हसू यायचं नाही. मुलगा पन्नाशीचा, सज्जन माणूस. वडिलांची काळजी कशी घ्यावी यावर त्यानं बरंच वाचलेलं होतं आणि विचारायचे प्रश्न कागदावर लिहून ठेवलेले होते. झोप किती तास, भूक कशी, दुखणं एक ते दहामध्ये किती. डॉक्टर प्रत्येक प्रश्नाला म्हणायचे, "बरा हाय." दुखणं किती? "बरा हाय." आज वार कोणता? "बरा हाय." मग मुलगा मला म्हणायचा, जरा त्यांना नीट विचारून सांगा. डॉक्टर मला म्हणायचे, त्याला सांग, फोनवरनं कान गार हाय का गरम हे कळत नसतं. फोन माझ्या हातात, बाप एका बाजूला, मुलगा दुसऱ्या बाजूला, आणि दोघंही माझ्याशीच बोलायचे. फोन बंद झाल्यावर डॉक्टर तासभर गेटकडे बघत बसायचे.

पहिल्या वर्षीच्या थंडीत एका दुपारी जेवण झालं आणि मी बडीशेपेची डबी पुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही. मी बघितलं. मान डावीकडे झुकलेली होती. नाक कोरडं, ओठ कोरडे. बाहेर एवढा गारठा आणि मानेवर घाम. मी कानाच्या मुळाशी हात लावला, तर कान बर्फासारखा. नियम मोडून मी विचारलं, "डॉक्टर, काय होतंय?"

ते म्हणाले, "बरा हाय."

मी घाबरले ती त्यामुळे. मला ते कधी बरा हाय म्हणत नसत. मला ते तूच सांग म्हणायचे. बरा हाय हे मुलासाठी होतं.

समोरच्या काकूंच्या गाडीतून आम्ही त्यांना नगरला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर तिशीचा, चुणचुणीत. त्यानं विचारलं, छातीत दुखतंय का? डॉक्टर गप्प. हात जड झालाय का? गप्प. धाप? गप्प. तो मोठ्यानं विचारायला लागला, त्याला वाटलं ऐकू येत नसेल. मग त्यानं एक पुठ्ठा आणला. त्यावर ओळीनं सहा चेहरे काढलेले होते, पहिला हसरा आणि शेवटचा रडका. यातला तुमचा चेहरा कोणता, बोट ठेवा, असं तो म्हणाला. डॉक्टरांनी पुठ्ठा हातात घेऊन एकेक चेहरा नीट बघितला. मग पिवळ्या रंगाच्या तिसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि धापा टाकत म्हणाले, "ह्याला कावीळ हाय."

मी पुढे झाले आणि मला जे दिसलं होतं ते धडाधडा सांगितलं. रवंथ बंद, कान गार, मान डावीकडे. त्या डॉक्टरनं रवंथ हा शब्द ऐकून माझ्याकडे विचित्र बघितलं, पण नर्सला ईसीजी काढायला सांगितला. हार्ट अटॅक होता. तासाभराचा उशीर झाला असता तर हाती लागले नसते, असं तो नंतर म्हणाला. दुसऱ्या दिवशी आयसीयूत मला आत सोडलं. डॉक्टर पलंगाच्या दोन्ही बाजूंच्या दांड्या हातानं हलवून बघत होते. हा खोडा चांगला आहे, म्हणाले, जनावर उसळलं तरी निसटायचं नाही. मग हळूच म्हणाले, "धापैकी नऊ."

"एक कशाचा गेला?"

"सकाळीच कळाया पायजे हुतं."

म्हणजे सकाळपासून होत होतं. मी दवाखान्याच्या जिन्यात येऊन रडले. मला राग आला होता. या माणसाला सकाळपासून छातीत होतंय, आणि तो मला मार्क द्यायला बसलाय. पुढच्या वेळी मला दिसलंच नाही तर? मी अंघोळीला गेलेली असले तर? घरी आणल्यावर मी मुलाला सांगितलं की मला हे काम जमणार नाही, तुम्ही दुसरी बाई बघा. तो म्हणाला, गुढीपाडव्यापर्यंत थांबा, तोवर मी काहीतरी करतो. मी थांबले.

पाडव्याच्या आधी आई आली.

माझे आईवडील दरवर्षी ऊस तोडायला जातात. दिवाळी झाली की जायचं आणि कारखान्याचा हंगाम संपला की परत यायचं. त्या वर्षी टोळीचा टेम्पो नगरवरून जामखेडला जाणार होता. वडील सामान घेऊन पुढे गेले आणि आई मला बघायला दोन दिवस केडगावात उतरली. पाच महिन्यांनी बघत होते तिला. काळवंडली होती, ते दरवर्षीचंच. मी विचारलं, "कशी आहेस गं?" तर म्हणाली, "मला कशाची धाड भरलीय." मी नर्स झाले तेव्हापासून ती मला एवढंच सांगायची. एका जागेवर दुखतंय असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. तीही बरी हाय वालीच.

संध्याकाळी ती व्हरांड्यात पायरीवर टेकली. डॉक्टर त्यांच्या खुर्चीवर. मी स्वयंपाकघरात चहा ठेवत होते. खिडकी व्हरांड्यातच उघडते, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.  मग आईनं विचारलं, "साहेब, तुमी गुरांचे डॉक्टर व्हय?"

डॉक्टरांनी हो म्हटलं.

"आमची एक गाय हाय. तिला दाखवायचं हुतं."

मी चहापत्तीचा डबा हातात घेऊन थांबले. आमच्याकडे गाय नव्हती. आमची गाय तीन वर्षांपूर्वी विकली होती.

"काय हुतंय?" डॉक्टरांनी विचारलं. इतक्या महिन्यांत त्यांच्या तोंडून हा प्रश्न मी ऐकला नव्हता.

आई सांगायला लागली. चढ लागला की गाय थांबते, दम लागतो. चारा गोड लागत नाही. माती खावीशी वाटते. उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारी येते. डॉक्टर मध्ये बोलत नव्हते, नुसते ऐकत होते. मग त्यांनी कागद मागितला. त्यांच्या जुन्या नोकरीतलं एक पॅड होतं, ते मी नेऊन दिलं. दोघांनीही माझ्याकडे बघितलं नाही. मी परत खिडकीशी आले.

"रंग?"

"सावळी हाय."

"किती वेताची?"

"तीन. एक दगावलं."

मला एक भाऊ आहे. आमच्यामधला एक जन्मताच गेला होता.

"वय?"

"बेचाळीस."

डॉक्टरांचं पेन एवढंसंही थांबलं नाही. "बेचाळीस," म्हणत त्यांनी लिहून घेतलं. "मागनं रगत जातंय का?"

 रस्त्यावरून पुण्याकडची एक मोठी गाडी गेली, तिचा आवाज आईनं संपू दिला. मग म्हणाली, "व्हय. अंगावर जातं... म्हंजी मागनं. दोन वर्सं झाली. म्हयन्यातलं पंदरा-पंदरा दिवस."

"दाखवली न्हाई कुनाला?"

"दाखवली की पिशवीच काडून टाका म्हनत्यात. आमच्या टोळीत लई जनींच्या... लई गायींच्या काडल्या. मंग कंबर जाती, काम हुत न्हाई. म्हनून न्हाई दाखवली."

डॉक्टर म्हणाले, "सगळ्याच गायींची पिशवी काडीत न्हाईत, ताई. आधी रगत तपासायचं, पोटाचा फोटू काडायचा. गोळ्यांनी लई जनावरं बरी हुत्यात. मी सांगतो ना." ताई हा शब्दही मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. कागद फाडून त्यांनी विचारलं, "गायीचा मालक कोन?"

आईनं खिडकीकडे बोट केलं. "ती."

मी बाहेर गेले. डॉक्टरांनी कागद माझ्या हातात दिला. त्यावर लिहिलं होतं, गाय, सावळी, वय ४२, वेत ३, उद्या सकाळी नगरला बाई डॉक्टरला दाखवणे, टाळाटाळ करू नये. मला आईला मिठी मारावीशी वाटत होती आणि ओरडावंसंही वाटत होतं. मी दोन्ही केलं नाही. तुझ्या डोळ्यात काहीतरी गेलंय म्हणाले आणि खालची पापणी ओढून बघितली. आत लाली नावाला नव्हती, नुसता पांढरा कागद. मी नर्स, आणि रोज सकाळी दुसऱ्याच्या बापाची पापणी ओढून बघत होते.

मी चहा आणायला आत गेले. बाहेर आईचा आवाज आता मोकळा झाला होता. ती विचारत होती, "तुमच्याकडं हाय का एखादं जनावर?"

 मग डॉक्टर म्हणाले, "एक बैल हाय. म्हातारा."

"काय करतोय?"

"उजव्या खुब्यात कळ मारती. बसला की उठवत न्हाई. मूत अडतं. मागं एकदा छातीवर धोंडा ठिवल्यावानी झालं दिसभर. बोलला न्हाई."

"बैल कसा बोलंल?"

"तेच."

"खातोय का?"

"खानं तुटलंय. जोड गेली त्याची."

जोडीतला एक बैल गेला की दुसरा चारा सोडतो, हे आईला सांगायची गरज नव्हती. तिनं आयुष्यभर बैल बघितले होते. तिनं विचारलं, जोडीला काय झालं होतं.

"पोटात गाठ," डॉक्टर म्हणाले. "दोन वर्सं हुती. मालकानं रोज इचारलं, कशी हाईस. ती म्हनायची, बरी हाय. मालकानं खरं धरलं. चवदा गावची गुरं बगायचा, अन् घरात नुसतं इचारायचा. बगितलं न्हाई."

बैलाची जोड एकदम ती झाली होती. आईच्या ते लक्षात आलं असणार.  बऱ्याच वेळानं म्हणाली, "मंग त्याला एकट्याला दावनीला बांदून ठिवू नका साहेब. जरा भाईर काडत जावा. दुसऱ्या जनावराचा वास आला पायजे त्याला."

चहा निवला होता. मी तो परत तापवला आणि तसाच नेऊन दिला. दोघांनी तो निमूटपणे प्यायला.

दुसऱ्या दिवशी मी आईला नगरला एका लेडी डॉक्टरकडे नेलं. आईनं डॉक्टरांचा कागद तिच्या टेबलावर ठेवला. बाईंनी तो वाचला, उलटा करून बघितला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मॅडम, बरोबर आहे ते, तसंच धरा. रक्त फारच कमी निघालं. दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. सोनोग्राफीत छोटी गाठ होती, साधी. गोळ्यांवर भागलं, पिशवी राहिली. पुढच्या हंगामाला मी तिला पाठवलं नाही, त्यावरून घरात भांडण झालं, पण ती गेली नाही.

त्याच आठवड्यात मी बैलालाही नेलं. मी कुणाचं ऐकणार नाही हे बहुतेक माझ्या तोंडावर दिसत असावं, कारण डॉक्टर मुकाट गाडीत बसले. लघवीच्या डॉक्टरला मी सगळं सांगितलं, मूत अडतं, खुब्यात कळ मारते, छातीवर दगड. डॉक्टर शेजारी बसून दुसरीकडे बघत होते. हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं त्या डॉक्टरनं मला विचारलं. मी म्हटलं, माझ्या आईला एकानं सांगितलं. परत येताना डॉक्टरांनी मला विचारलं, तू ब्यूरोला कळवलंस का दुसरी बाई बघायला? मी म्हटलं, राहिलंय कळवायचं. ते राहिलंच.

पाडव्यानंतरच्या रविवारी मी पावणेदहाला पुण्याला फोन केला आणि मुलाला म्हटलं, आज कागदावरचे प्रश्न विचारू नका. बैलाबद्दल विचारा. तो म्हणाला, "कोणता बैल? आमच्याकडे बैल नाहीये."

मी म्हटलं, "आहे. विचारून बघा."

 त्यानं मला अगदी हळू विचारलं, की बाबांचं डोकं वगैरे ठीक आहे ना. मी म्हटलं, बाबांचं ठीक आहे. त्याला माझ्याबद्दलही शंका आली असावी. पण दहा वाजता फोन वाजला. मी तो डॉक्टरांच्या हातात दिला आणि समोर बसून कोथिंबीर निवडायला घेतली.

मुलगा बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. तिकडे उकाडा आहे, ऑफिसात काम आहे. डॉक्टर बरा हाय, बरा हाय म्हणत होते. मग त्यानं घसा साफ केला. "बाबा," तो म्हणाला, "तो... आपला बैल कसा आहे?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी कोथिंबिरीची काडी काडी वेगळी करत होते. मी मान वर केली नाही.

"हाय," ते म्हणाले. मग जरा वेळानं म्हणाले, "उठतोय बसतोय. खुबा ठणकतो. नव्या गोळीनं मूत मोकळं झालंय."

"आणि खाणं?"

"अर्धी भाकर."

 मला मुलाचा श्वास ऐकू येत होता. शेवटी त्यानं विचारलं, "त्याला कधी माझी आठवण येते का, बाबा?"

"बैलाला कसली आठवन," डॉक्टर म्हणाले. "पर गेटपशी गाडी वाजली की कान टवकारतो."

 मला वाटलं लाईन गेली. मग मुलगा म्हणाला, "शनिवारी येतो मी. त्याच्यासाठी काय आणू?"

"पेंड आन. सूनबाई खोबऱ्याची करती ती. साखर घालून."

मी कोथिंबीर खाली ठेवली. "साहेब, काही आणू नका," मी फोनकडे बघून मोठ्यानं म्हटलं. "बैलाला शुगर आहे."

पलीकडून मुलाचं हसणं ऐकू आलं, आणि ते हसणं मधेच कुठंतरी भरून आलं. डॉक्टरांनी फोन जवळ घेतला, अगदी तोंडापाशी धरला आणि दबक्या आवाजात, पण मला ऐकू जाईल इतपत म्हणाले, "तू आन. गोठ्याच्या भाईर, गाडीतच खाऊ दोघं."